मुद्रणयंत्र आणि वाचकमंडळी : मराठी ख्रिस्ती समाजातील सामुदायिक अध्ययनाची साधने

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या कामगिरीचा उल्लेख आरंभी करण्याची प्रथा आहे, आणि ती यथार्थही आहे. गोव्यात १५५६ मध्ये येऊन पोहोचलेले मुद्रणयंत्र, श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांच्या देखरेखीखाली निघालेली मराठी पुस्तके आणि मुंबईतील अमेरिकन मिशनचे मुद्रणालय ही ह्या इतिहासातील ठळक स्थाने होत. अ. का. प्रियोळकर ह्यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने ही सामग्री परिश्रमाने एकत्र केल्यामुळे कोणते पुस्तक केव्हा व कोठे छापले गेले, हे आज बऱ्याच निश्चयाने सांगता येते.

तथापि ह्या इतिहासात प्रश्न बहुधा एकाच बाजूने विचारला जातो. काय छापले, केव्हा छापले आणि किती प्रती निघाल्या, ह्याची नोंद होते. छापलेले कोणी वाचले, कोणाबरोबर बसून वाचले, न कळल्यास कोणास विचारले आणि वाचल्यानंतर वाचणाऱ्याने स्वतः काही लिहिले किंवा बोलून दाखविले काय, हा प्रश्न मागे पडतो. ग्रंथसूचीच्या दृष्टीने तो गौण असेल. परंतु एखाद्या समाजात विद्या कशी पसरली हे पाहावयाचे असल्यास तोच मुख्य ठरतो.

ख्रिस्ती परिभाषेत उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या समुदायास ‘मंडळी’ म्हणतात. ही मंडळी नियमाने जमते, तिच्यात लहानथोर व स्त्रीपुरुष एकत्र असतात आणि तिच्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी एक ग्रंथ असतो. ह्या तीन गोष्टींमुळे मंडळी ही उपासनेची तशीच अध्ययनाचीही संस्था होऊ शकते. ती तशी केव्हा झाली व केव्हा झाली नाही, आणि तीत यंत्राचा व तंत्राचा वाटा किती होता, ह्याचा विचार गोवे, मुंबई, अहमदनगर आणि केडगाव ह्या चार स्थळांच्या आधारे येथे करावयाचा आहे. ह्या विचारातून निघणारा निष्कर्ष असा की, नवे साधन स्वतःच्या बळावर विद्या पसरवीत नाही. जेथे ते वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या मंडळीशी जोडले गेले तेथेच ते फळले. आणि जेथे शिकणाऱ्यांना त्याच साधनाने आपला शब्द मांडता आला तेथे त्याचे फळ मंडळीच्या सीमेपलीकडेही गेले.

२. गोवे : यंत्र होते, अक्षर नव्हते

गोव्यास आलेले पहिले मुद्रणयंत्र मुळात गोव्यासाठी नव्हते. ते ॲबिसिनियास जावयाचे होते. परंतु पुढील प्रवास न घडल्यामुळे ते गोव्यातच राहिले आणि येशूसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याची स्थापना झाली. १५५७ मध्ये त्यावर फ्रान्सिस झेवियर ह्यांची प्रश्नोत्तरावली छापली गेली. यंत्र होते, कागद होता, छापणारेही होते. परंतु ज्या लोकांना शिकवावयाचे त्यांच्या लिपीचे खिळे नव्हते. त्यामुळे ह्या यंत्राने प्रारंभी पाद्र्यांचीच गरज भागविली, असे म्हणावे लागते.

ही उणीव ज्यांना तीव्रतेने जाणवली त्यांत इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे प्रमुख होत. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि पुढील चाळीस वर्षांचा बहुतेक काळ त्यांनी साष्टीत घालविला. १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या एका पत्रात त्यांनी ह्या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तक छापण्याची परवानगी मागितली आहे. युरोपीय वर्णमालेची चोवीस अक्षरे कोठे आणि इकडील जोडाक्षरे व मात्रा धरून होणारे सुमारे सहाशे साचे कोठे, ही अडचण त्यांच्या ध्यानात होती. परंतु साच्यांची संख्या दोनशेंपर्यंत आणता येईल, असाही हिशेब त्यांनी मांडला होता. देवनागरी मुद्रणाच्या तांत्रिक प्रश्नाचा इतक्या नेमकेपणाने केलेला हा विचार त्या काळी विरळाच होय. तो अमलात आला नाही. १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत.

ह्या पुराणाची निर्मिती ज्या प्रसंगातून झाली असे त्याच्या आरंभी सांगितले आहे, तो प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. साष्टीतील मुलांना धर्मशिक्षण चालू असता तेथे आलेला एक ब्राह्मण गुरूला विचारतो की, पूर्वीची पुराणे तर बंद झाली. आता त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास काही देणार की नाही? म्हणजे ग्रंथाची मागणी शिकणाऱ्यांच्या वर्गातून आली, आणि ती विशिष्ट स्वरूपाच्या ग्रंथाची होती. प्रश्नोत्तरावली पाठ करून ह्या लोकांचे समाधान होत नव्हते. ओवीबद्ध, मोठ्याने वाचता येईल, दहाजणांनी बसून ऐकावे व त्यावर बोलावे असे पुराण त्यांना हवे होते. स्टीफन्स ह्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून ते दिले.

ह्यापुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. १६७४ नंतर गोव्यातील मुद्रण जवळजवळ दीडशे वर्षे बंद पडले व १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. १६८४ मध्ये तर देशी भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याविषयी राज्यकर्त्यांचा हुकूम निघाला. यंत्र गेले, छापील प्रती नाहीशा झाल्या, भाषेवरच गदा आली. तरीही ख्रिस्तपुराण टिकले. ते हस्तलिखितांत टिकले, देवळांत व घरांत होणाऱ्या वाचनात टिकले आणि कानडा जिल्ह्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर मंगळूरपर्यंत गेले. १९०७ मध्ये जोसेफ सल्डाना ह्यांनी मंगळुरास त्याची आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखितांच्या आधारेच. पुढे लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट ह्यांचे आहे. स्टीफन्स ह्यांची नागरी अक्षरांची इच्छा लेखकूच्या बोरूने पूर्ण केली होती. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने ग्रंथ देवनागरीत मुद्रित झाला, तेव्हा १६०८ च्या त्या पत्रास साडेतीनशे वर्षे होत आली होती.

गोव्याच्या उदाहरणावरून एवढे निश्चित म्हणता येते की, साधन व समुदाय ह्यांपैकी समुदाय हा अधिक टिकाऊ घटक होय. वाचणारी मंडळी असेल तर ग्रंथ यंत्रावाचूनही जगतो.

३. मुंबई : पुस्तिका निघाल्या, मंडळी नव्हती

मुंबईचे चित्र नेमके उलट आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी प्रथम त्यांना राहू देण्यासच हरकत घेतली. १८१३ च्या सनदेनंतर त्यांचा मार्ग मोकळा झाला. १८१६ मध्ये मुद्रणकलेची माहिती असलेले होरेशिओ बार्डवेल येऊन मिळाले, बंगालहून नागरी खिळे आणविण्यात आले आणि १८१७ च्या मार्चमध्ये आठ पृष्ठांच्या एका शास्त्रवचनपर पुस्तिकेच्या पंधराशे प्रती छापल्या गेल्या. १८२६ मध्ये संपूर्ण ‘नवा करार’ मराठीत निघाला. त्याच वर्षी हॉल हे नाशिककडील दौऱ्यावर असता पटकीने मरण पावले.

ह्या दशकातील कार्यपद्धती मुख्यतः वितरणाची होती. मिशनरी जत्रेस किंवा बाजारास जात, उपदेश करीत, पुस्तिका वाटीत व पुढील गावी जात. छापलेल्या कागदाचा प्रवास वेगाने होई; परंतु तो ज्याच्या हाती पडे तो वाचक एकटा असे. शब्द अडला तर सांगणारा कोणी नसे आणि शंका आली तर ती ऐकणारा तेव्हाच पुढच्या मुक्कामी गेलेला असे. पहिल्या दोन दशकांत ह्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या अत्यल्प राहिली, ह्याची कारणे अनेक आहेत. जातीचे बंधन व परकीयांविषयीचा संशय ही त्यांत मोठी होत. परंतु पुस्तिका व वाचक ह्यांच्यामध्ये कोणतीही संस्था नव्हती, हेही एक कारण मानावयास हवे.

जेथे ती संस्था निर्माण झाली ते ठिकाण म्हणजे मिशनची शाळा होय. १८२४ मध्ये मुंबईत मिशनने मुलींची पहिली शाळा उघडली. ख्रिस्ती शिक्षक उपलब्ध नसल्यामुळे ह्या सुरुवातीच्या शाळांत पुष्कळदा हिंदू पंतोजीच नेमावे लागत व छापील शास्त्रभागांचा वाचनपाठ म्हणून उपयोग होई. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. पंतोजी स्वतः ख्रिस्ती नाही, मुले ख्रिस्ती नाहीत, तरीही मंडळीसाठी छापलेला मजकूर त्यांच्या रोजच्या अध्ययनात आला, आणि त्यातून धर्मांतर घडो वा न घडो, वाचनाची सवय मात्र घडली.

शिवाय तंत्र हे एकाच्या हाती राहत नाही. अमेरिकन मिशनचे मुद्रणालय पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनी खटपटीने शिळाछापाची कला साध्य केली व १८३१ मध्ये पंचांग छापले. त्याच वर्षी डॉ. जॉन विल्सन ह्यांच्याशी झालेल्या वादानंतर मोरभट दांडेकर ह्यांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक निघाले. उत्तर देणाराही आता छापील उत्तर देऊ लागला. मिशनच्या मुद्रणालयात लहानपणापासून वाढलेले थॉमस ग्रॅहम ह्यांनी मराठी अक्षरांचे ठसे कोरले; त्यांच्या हाताखाली खिळ्यांचे काम शिकलेले जावजी दादाजी ह्यांनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यातून संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्या बाहेर पडल्या. ख्रिस्ती पुस्तिकांसाठी जे हात तयार झाले त्यांनीच काव्यमाला व शास्त्रग्रंथ सजविले. ह्या दृष्टीने मुद्रणालय हे स्वतःच एक अध्ययनमंडळ होते. तेथे मिळणारी विद्या हाताची होती, आणि ती वितरणाने नव्हे, तर एकमेकांच्या शेजारी बसून काम केल्याने संक्रमित झाली.

४. अहमदनगर : ‘ज्ञानोदय’ आणि पत्रव्यवहाराची मंडळी

१८३१ च्या अखेरीस अमेरिकन मिशनने अहमदनगर येथे ठाणे केले. तेथूनच १८४२ च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. आरंभीचे अंक शिळाछापावर निघाले. पुढे मुद्रण मुंबईस गेले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये व भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये निघाले होते. त्या परंपरेत ‘ज्ञानोदया’चे स्थान मानावे लागते. धर्मचर्चेबरोबर भूगोल, खगोल, सृष्टिज्ञान आणि वर्तमान ह्यांनाही त्यात जागा होती.

पुस्तिका आणि नियतकालिक ह्यांतील भेद केवळ आकाराचा नाही. पुस्तिका एकदा दिली की देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा संबंध संपतो. नियतकालिक ठरल्या दिवशी पुन्हा येते. मागील अंकातील विधानावर पुढील अंकात शंका, उत्तर किंवा दुरुस्ती येऊ शकते. वाचकाचे पत्र छापले गेले की तो वाचक लेखक होतो, आणि त्याचे पत्र वाचणारे इतर वाचक त्याला ओळखू लागतात. दूर दूर राहणाऱ्या माणसांची, एकमेकांना न पाहिलेली, परंतु नियमाने एकमेकांचे ऐकणारी अशी मंडळी त्यातून उभी राहते.

ह्या मंडळीची व्याप्ती किती होती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. सिंथिया फॅरार ह्या अमेरिकन अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुले ह्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या. मुलींना शिकविण्याची पद्धती त्यांना पसंत पडली आणि पुण्यास परतल्यावर त्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. ह्या प्रेरणेविषयी जोतीरावांचे निवेदन ‘ज्ञानोदया’च्याच १८५३ मधील सप्टेंबरच्या अंकात आले आहे. जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तरी मंडळीच्या एका शाळेचे अवलोकन, त्यातून निघालेली स्वतंत्र शाळा आणि त्या शाळेचा वृत्तान्त मंडळीच्याच पत्रात येणे, हे वर्तुळ येथे पूर्ण होते.

तथापि ह्याहून मोलाची घटना १८५५ मध्ये घडली. फुले ह्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला गेला. त्या निबंधातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या मर्माशीच भिडतो. वेद हे ब्राह्मणांचे आणि आम्हांस ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आम्ही पुस्तकावाचूनचे, म्हणजे धर्मावाचूनचे ठरलो, असा युक्तिवाद ती करते. जिला ग्रंथ नाकारला गेला तिने ग्रंथाच्या अभावाविषयी लिहावे आणि ते मुद्रित व्हावे, ही मराठी गद्याच्या इतिहासातील असामान्य घटना होय. निबंधाच्या उत्तरार्धात ती आपल्याच समाजाकडे वळते व ज्ञान हेच ह्या रोगावरील औषध आहे असे सांगून अभ्यासाचा आग्रह धरते. वाचकांच्या मंडळीत काल शिरलेली मुलगी आज त्या मंडळीस उपदेश करीत आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. ‘ज्ञानोदय’ हे पक्षीय पत्र होते. हिंदू धर्मावरील टीका हा त्याचा एक उघड हेतू होता, आणि मुक्तेचा निबंध छापण्यात संपादकांना तो हेतू साधताना दिसला असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. परंतु हेतू संपादकाचा असला तरी शब्द मुक्तेचे होते, आणि ते टिकून राहिले. १८५५ मधील तो वाद आज केवळ अभ्यासकांना ठाऊक आहे. तो निबंध मात्र स्त्रीलेखनाच्या व दलित लेखनाच्या इतिहासात आद्य साधन म्हणून वाचला जातो. साधनाच्या मालकाचा हेतू आणि साधनाचा परिणाम ह्यांत अंतर असू शकते; ते अंतर निर्माण होण्यास शिकणाऱ्याच्या हाती लेखणी यावी लागते.

५. कीर्तन : निरक्षर मंडळीचा ग्रंथ

‘ज्ञानोदया’ची मंडळी साक्षरांची होती. परंतु नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्या लोकांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. १९०१ च्या खानेसुमारीतही साऱ्या हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आत होते. त्यापूर्वी चाळीस वर्षे खेड्यातील अस्पृश्य वस्तीत ते किती असेल, ह्याची कल्पना करता येते. मुद्रणालय कितीही सुसज्ज असले तरी ह्या लोकांपुढे ते मुकेच होते. इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते त्यांच्या तोंडी सहजासहजी बसत नसत.

ह्या अडचणीतून मार्ग काढला तो देशी ख्रिस्ती माणसांनी. १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनास प्रारंभ केला. रूप परिचयाचे, विषय नवा. निरूपण, आख्यान, टाळ-मृदंगाची साथ, मधूनमधून श्रोत्यांनी उचलावयाचे ध्रुपद, हा सारा साज वारकरी व हरिदासी परंपरेतून आला. आख्यानाचा विषय शुभवर्तमानातून आला. रात्रभर चालणाऱ्या अशा कीर्तनास ख्रिस्ती नसलेले गावकरीही बसत.

कीर्तनास तंत्र म्हणावे काय, असा आक्षेप येईल. परंतु ज्ञान साठविण्याची, पुन्हा उभे करण्याची व अनेकांपर्यंत एकाच वेळी पोहोचविण्याची सिद्ध पद्धती हा तंत्राचा अर्थ घेतला, तर कीर्तन हे मराठी समाजाने शतकानुशतके घासूनपुसून तयार केलेले तंत्र होय. ध्रुपद पुन्हा पुन्हा म्हटल्याने मुख्य विधान पाठ होते. आख्यानाने क्रम लक्षात राहतो. श्रोत्याच्या प्रतिसादाने वक्त्यास समजले किती हे कळते. स्टीफन्स ह्यांच्या पुराणाने साष्टीत जे केले तेच सांगळे ह्यांच्या कीर्तनाने नगर जिल्ह्यात केले. दोहोंमध्ये अडीच शतकांचे अंतर आहे आणि पंथही भिन्न आहेत; परंतु शिकणाऱ्या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या रूपाचा स्वीकार करण्याची सूझ एकच आहे.

मुद्रण आणि कीर्तन हे ह्यानंतर एकमेकांना पूरक झाले. कीर्तनातील पदे छापील गीतसंग्रहांत आली आणि छापलेली पदे ज्यास वाचता येत त्याने म्हणून दाखवावयाची व इतरांनी पाठ करावयाची, असा क्रम पडला. नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ह्या परंपरेस श्रेष्ठ काव्यगुणांची जोड मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि त्यांची शेकडो गीते ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहाद्वारे मराठी मंडळ्यांच्या नित्य पठणात गेली. लेखनाचे पत्र व गायनाचे पुस्तक एकाच कवीच्या हाती आले, ही ह्या दोन साधनांच्या मिलाफाची खूण मानता येईल.

६. केडगाव : यंत्रावर शिकणाऱ्यांचे हात

आतापर्यंतच्या तीनही स्थळी यंत्र शिकविणाऱ्यांच्या मालकीचे होते. पंडिता रमाबाई ह्यांनी केडगाव येथे स्थापिलेल्या मुक्ती सदनात ही स्थिती पालटली. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया व मुली तेथे आल्या. त्यांना अक्षर शिकविले गेले त्याचप्रमाणे उद्योगही शिकविले गेले, आणि त्या उद्योगांत छापखान्याचा समावेश होता. अंध स्त्रियांना ब्रेल लिपीने वाचण्यास शिकविले जाई.

रमाबाईंनी ह्या काळात संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्या सदनातील स्त्रियांना कळत नाहीत, हे त्यांना रोजच्या शिकविण्यात दिसत होते. स्वतः संस्कृतची पंडिता असलेल्या रमाबाईंनी ह्या स्त्रियांसाठी सोपी मराठी निवडली आणि मूळ अर्थाशी इमान राखण्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे, छापणे, पुस्तक बांधणे ही कामे सदनातील स्त्रिया करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या तेव्हा त्यांचे काम पुरे होत आले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका स्त्रीने केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून ह्या ग्रंथाचा गौरव केला जातो व तो उचितच आहे. परंतु अध्ययनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जुळारी म्हणून काम करणारी स्त्री वाक्य अक्षराअक्षराने वाचते. उलट्या खिळ्यांत शब्द जुळविताना तिला तो दोनदा, तिनदा पाहावा लागतो. जिच्यासाठी भाषांतर करावयाचे तीच ते जुळवीत असल्यामुळे शब्द कळतो की नाही, ह्याची कसोटी छापखान्यातच लागण्याजोगी होती. वाचक, कामकरी व विद्यार्थिनी ह्या तीन भूमिका येथे एका व्यक्तीत एकत्र आल्या. ह्या भाषांतराचा प्रसार मर्यादित राहिला आणि मंडळ्यांच्या सार्वजनिक उपासनेत जुन्या भाषांतरांचेच स्थान कायम राहिले, हे खरे. म्हणून केवळ प्रसाराच्या मापाने पाहिले तर केडगावचा प्रयोग लहान ठरेल. परंतु किती प्रती गेल्या हे माप मुंबईच्या पहिल्या पुस्तिकांनाही लावता येते, आणि त्या मापाने तेथे काय कळले नाही हे वर दाखविलेच आहे.

७. उपसंहार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न कॅथलिक मंडळ्यांपुढे नव्याने उभा राहिला. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस स्थान दिले. वसई परिसरात त्यापूर्वीच, १९५५ मध्ये, ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक सुरू झाले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादन केले व त्यास मंडळीच्या कक्षेबाहेरील मराठी वाचकांशी आणि सामाजिक प्रश्नांशी जोडले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये निघाले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ‘ज्ञानोदया’ने आरंभिलेली रीत, म्हणजे मंडळीच्या पत्राने मंडळीबाहेरच्या वाचकासही सभासद मानावयाचे, ही येथेही दिसून येते.

ह्या चार शतकांच्या अवलोकनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, साधन नवे असले म्हणून त्याचे रूपही नवे असावे लागते असे नाही. ओवी व कीर्तन ह्यांसारखी जुनी रूपे स्वीकारल्यानेच नवा विषय लोकांपर्यंत पोहोचला. दुसरी, वितरण आणि अध्ययन ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. छापलेला कागद जत्रेत हजारोंना देता येतो. परंतु तो समजावून घेण्यास शाळा, उपासनेनंतरची बैठक किंवा नियतकालिकाचा पत्रव्यवहार अशी परतून येण्याची काही जागा लागते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, अशा मंडळीचे यश तिने किती लोकांना ऐकविले ह्यावर मोजता येत नाही. तिच्यातून कोण बोलू लागले ह्यावर ते मोजावे लागते. मुक्तेचा निबंध, सांगळे ह्यांचे कीर्तन आणि केडगावच्या स्त्रियांनी जुळविलेला ग्रंथ ही त्या यशाची तीन प्रमाणे होत.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देवळे बंद झाली तेव्हा पुष्कळ मंडळ्यांनी उपासना व धर्मशिक्षण दूरध्वनीच्या पडद्यावरून चालू ठेवले. हे साधन पूर्वीच्या कोणत्याही साधनाहून वेगवान आहे. त्याच्या परिणामाचे मोजमाप करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रेक्षकसंख्येच्या आधी एक साधी गोष्ट पाहावी. साष्टीच्या वर्गात जसा एकाने उठून गुरूला प्रश्न विचारला, तसा प्रश्न विचारण्याची सोय ह्या पडद्यासमोर बसलेल्या शेवटच्या श्रोत्यास आहे काय, आणि त्याच्या प्रश्नावरून पुढे काही लिहिले गेले काय, हे त्याने शोधावे. त्या नोंदी आज जपून ठेवल्या गेल्या, तरच पुढील इतिहासकारास आपल्या काळातील मंडळीविषयी यंत्रांच्या यादीपलीकडे काही सांगता येईल.